गिरमिट पद्धती

ठराविक मुदतीच्या, बहुधा पाच वर्षांच्या, लेखी कराराने बांधून हिंदी मजुरांना ब्रिटिश अमदानीत समुद्रापारच्या वसाहतींत, मुख्यतः उसाच्या मळ्यांवर, पाठवण्याची पद्धती. ‘गिरमिट’ हा इंग्रजी ‘अ‍ॅग्रीमेंट’ शब्दाचा मजुरांच्या तोंडी झालेला अपभ्रंश होय. मराठीतील सुताराचे गिरमिट हे ‘गिम्लेट’वरून आलेले असून त्याचा याच्याशी संबंध नाही. या मजुरांना लावल्या गेलेल्या ‘कुली’ शब्दाची व्युत्पत्ती मात्र वादग्रस्त आहे. काही कोशकार तो पश्चिम किनाऱ्यावरील ‘कोळी’ या जातिनामाशी जोडतात, तर काही मजुरी या अर्थाच्या तमिळ ‘कूलि’शी, अर्थाच्या दृष्टीने दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते.

पद्धतीचा आरंभ सामान्यतः २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून ३६ मजूर मॉरिशसला पोहोचले तेव्हापासून धरतात. रेयुनियन बेटावर १८२० च्या दशकात नेलेल्या मजुरांमुळे काही अभ्यासक तो थोडा मागे नेतात. अत्याचारांच्या बोभाट्यामुळे १८३९ मध्ये मजूर नेण्यास बंदी झाली, ती मॉरिशसपुरती १८४२ मध्ये उठली. पुढे बंदरांवर ‘उत्प्रवासी संरक्षक’ (देशाबाहेर जाणाऱ्यांचा संरक्षक) हा अधिकारी नेमला गेला. त्याच्या सहीच्या दाखल्यावर नाव, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा, गाव आणि अंगावरील खुणा लिहिलेल्या असत.

करार राजीखुशीचा होता, असे काही इतिहासकार मानतात. परंतु करारभंग हा दिवाणी दाव्याचा विषय न राहता तुरुंगवासाचा गुन्हा ठरत होता आणि मॉरिशसमध्ये एका दिवसाच्या गैरहजेरीबद्दल दोन दिवसांची मजुरी कापली जात होती, हे पाहता १८४० मध्ये ब्रिटिश वसाहतमंत्री लॉर्ड जॉन रसेल यांनी वर्तवलेली ‘नव्या गुलामगिरी’ची भीती खरी ठरली असेच म्हणावे लागते.

मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्यांत रत्नागिरीकडील मराठी भाषकही होते.

गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० मध्ये केंद्रीय विधिमंडळात मांडलेला, दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीला गिरमिटिये (गिरमिट पद्धतीचे मजूर) पाठवणे थांबवण्याचा ठराव संमत झाला. पद्धतच बंद करण्याचा १९१२ चा ठराव मात्र फेटाळला गेला. मजूरभरती १९१७ मध्ये थांबली आणि उरलेले करार १९२० च्या आरंभी रद्द झाले. ‘उत्प्रवासी संरक्षक’ हे पद १९८३ च्या उत्प्रवास कायद्यातही कायम राहिले.