कला व सेवाभावी संस्थांचा समाजमाध्यमांतील वावर (सोलापूर)

नाट्यमंडळे, वाचनालये, रक्तदान गट, पक्षिमित्र अशा ना-नफा संस्था कार्यक्रम कळवण्यासाठी, माणसे जोडण्यासाठी, देणग्या मिळवण्यासाठी आणि कामाची नोंद ठेवण्यासाठी ब्लॉग व समाजमाध्यमे वापरतात. सोलापुरात यातली पहिली तीन कामे जोरात चालतात. चौथे, म्हणजे नोंद ठेवण्याचे, बहुधा राहूनच जाते.

ब्लॉगर ही सेवा १९९९ची, फेसबुक २००४चे, यूट्यूब २००५चे. तरी संस्थांचा खरा ओढा सुरू झाला तो २०१६नंतर, जिओमुळे डेटा स्वस्त झाल्यावर. तोवर कार्यक्रमपत्रिका डीटीपीवाल्याकडे श्रीलिपी या मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवली जाई आणि तो मजकूर जसाच्या तसा इंटरनेटवर चिकटवला की अक्षरांचा चिवडा होई. युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांवर नीट दिसणारी अक्षरपद्धती, रुळला, पण सवय मोडली नाही. हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहातल्या प्रयोगाची जाहिरात आजही बहुधा एका चित्राच्या रूपात येते, तारीख, वेळ, कलाकार सगळे त्या चित्रातच. वर चार ओळी टाइप केलेल्या नसतील, तर दोन वर्षांनी शोधणाऱ्याला तो प्रयोग सापडणे कठीण.

रोजचे काम व्हॉट्सॲपवर चालते. गटाची मर्यादा २०१६मध्ये २५६ होती, २०२२मध्ये ती १०२४ झाली. त्याआधीच, २०१८मध्ये, फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी सोय आली आणि 'शुभ सकाळ'च्या फुलांखाली तालमीची वेळ गडप होणे थांबले. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषा नांदणाऱ्या या शहरात आवाजी संदेशाला वेगळे मोल आहे. घरात तेलुगू बोलणाऱ्या पण मराठी शाळेत शिकलेल्या अनेकांना तेलुगू लिपी वाचता येत नाही. त्यांना लिहिलेल्या निमंत्रणापेक्षा बोललेले जवळचे वाटते. सिद्धेश्वर यात्रेतला अक्षता सोहळा किंवा नारळी पौर्णिमेची मार्कंडेय रथयात्रा थेट प्रक्षेपणातून परगावी गेलेल्या सोलापूरकरांपर्यंतही पोहोचते.

सर्वांत उपयोगी आणि सर्वांत बेशिस्त वापर रक्तदानाच्या संदेशांचा. 'तातडीने ओ निगेटिव्ह हवे' एवढ्याच मजकुराला तारीख नसेल, तर गरज भागून महिने लोटले तरी तो फिरत राहतो आणि नातेवाइकांचा फोन वाजत राहतो. व्हॉट्सॲपने २०१८मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली, पण तिने वेग कमी होतो, संदेश मरत नाही. जाणते कार्यकर्ते रक्तगट, रक्तपेढी, तारीख, वेळ आणि एकच संपर्क देतात. गरज भागली की त्याच गटांत तसे कळवतात. दोन रक्तदानांत पुरुषांनी तीन आणि स्त्रियांनी चार महिन्यांचे अंतर ठेवायचे असल्यामुळे दात्यांची यादी गटातल्या गप्पांत न ठेवता वेगळी ठेवणे सोयीचे पडते.

नाट्यसंस्थांपुढचा पेच निराळा आहे. राज्य नाट्य स्पर्धेतल्या प्रयोगाची अर्ध्या मिनिटाची रील प्रेक्षक खेचते. अख्खा प्रयोग यूट्यूबवर चढवायचा तर नाटककाराची परवानगी लागते, कारण १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राखीव असतात. मैफलीत कुणी चित्रपटगीत आळवले, तर यूट्यूबची स्वयंचलित यंत्रणा ते हेरून आवाजच बंद करू शकते. गायक तोंड हलवतोय आणि ऐकू काहीच येत नाही!

काय टाकू नये, हेही ठरलेले बरे. बालगृहात वाढदिवस करून मुलांचे चेहरे झळकवणे ही फार बोकाळलेली हौस आहे. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करायला २०१५च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ने मनाई आहे. माळढोक पक्ष्यासाठी राखलेल्या नान्नजच्या माळावरचे फोटो जरूर टाकावेत, पण घरट्याचा ठावठिकाणा नको.

देणगीसाठी क्यूआर कोड आता सर्रास दिसतो. तो संस्थेच्या खात्याचा असावा, सचिवांच्या वैयक्तिक नंबरचा नव्हे. आयकर सवलतीची पावती मिळणार की नाही हे तिथेच लिहिले, तर पुढची विचारपूस वाचते.

ब्लॉग मात्र ओस पडले आहेत. उदाहरणार्थ, सोलापुरातल्या १९३०च्या मार्शल लॉनंतर मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी दिले गेले. दर १२ जानेवारीला त्यांच्या फोटोंखाली त्याच दोन ओळी फिरतात. त्या निमित्ताने झालेले भाषण, वाचलेली कागदपत्रे, जुन्या माणसांच्या आठवणी कुठे एकत्र मिळत नाहीत. फेसबुकवरची पोस्ट आठवड्यात खाली जाते. ब्लॉगवरचा लेख तारखेनुसार आणि विषयानुसार पुन्हा काढता येतो, पण तो लिहायला निवांत माणूस लागतो आणि संस्थांकडे वानवा त्याचीच असते. त्यातून पान सुरू करणारा पोरगा नोकरीसाठी पुण्याला गेला की पासवर्डही त्याच्याबरोबर जातो. म्हणून काही संस्था खाते संस्थेच्या ईमेलवर उघडतात, दोघा-तिघांना ॲडमिन करतात आणि कार्यकारिणी बदलली की दप्तरासोबत पासवर्डचीही सुपूर्दगी करून घेतात.