चुन्याच्या डबीतलं रसायनशास्त्र

डाव्या तळहातावर चिमूटभर तंबाखू, तिच्यावर डबीतून नखाने काढलेला चुना, उजव्या अंगठ्याने दोन-तीन मिनिटं मळणं, थापटून धूळ उडवणं आणि खालच्या ओठामागे बार. या क्रियेत चुना वगळला तर काय होतं? कोणताही तंबाखू खाणारा सांगेल, ‘लागत नाही’. तो बरोबर सांगतो. तंबाखूतलं निकोटिन रक्तात किती जाणार, हे पुडीतल्या तंबाखूपेक्षा डबीतल्या चुन्यावर जास्त ठरतं.

निकोटिन हा रसायनशास्त्राच्या भाषेत क्षीण आम्लारी पदार्थ आहे. भोवतालचं पाणी आम्लधर्मी असेल तर त्याच्या रेणूला हायड्रोजनचा धन भार चिकटतो. आम्लारीधर्मी असेल तर तो भार सुटतो आणि रेणू मोकळा होतो. तोंडाच्या आतल्या त्वचेच्या पेशींभोवती स्निग्ध आवरण असतं. भार असलेला रेणू त्यातून सहसा पार होत नाही, मोकळा रेणू सहज होतो. किती रेणू मोकळे राहतील हे पीएच या मोजपट्टीवरून काढता येतं (७ च्या खाली आम्लधर्मी, वर आम्लारीधर्मी). पीएच ६ असताना शंभरातला जेमतेम एक, ७ ला सुमारे ९, ८ ला निम्मे आणि ९ ला तब्बल ९० च्या आसपास. नुसत्या तंबाखूचा पीएच साधारण ५ ते ६ असतो. चुन्याच्या निवळीचा १२ च्या वर. दोन्ही एकत्र मळले की मिश्रण ९ च्या आसपास किंवा पुढे जातं. म्हणजे तंबाखू तेवढीच, चिमूट तेवढीच, पण शोषलं जाऊ शकणारं निकोटिन शंभरातल्या एकावरून नव्वदावर गेलं. मळणं म्हणजे लकब नव्हे, औषध तयार करण्याची कृती आहे.

मार्गही महत्त्वाचा. गिळलेलं निकोटिन आतड्यातून आधी यकृतात जातं आणि तिथे त्याचा निम्म्याहून अधिक भाग मोडला जातो. ओठामागून शोषलेलं निकोटिन मानेच्या शिरांतून थेट हृदयाकडे आणि तिथून मेंदूकडे जातं, यकृत वाटेत लागत नाही. सिगारेटच्या धुराने ते काही सेकंदांत मेंदूत पोचतं आणि लवकर उतरू लागतं. बाराचं तसं नाही. रक्तातली पातळी हळूहळू चढते, अर्ध्या तासाच्या सुमारास शिखरावर येते आणि बार थुंकल्यावरही बराच वेळ टिकते. एका सिगारेटमधून साधारण १ मिलिग्रॅम निकोटिन शरीरात जातं. तोंडात बराच वेळ धरलेल्या तंबाखूतून त्याच्या कित्येक पट जाऊ शकतं. ‘आम्ही ओढत नाही, नुसती खातो’ म्हणून निकोटिन कमी जातं असं त्यामुळे मुळीच नाही.

मेंदूत निकोटिन ॲसिटिलकोलिन या निरोप्या रसायनाच्या ग्राहकांवर, म्हणजे पेशींवरच्या ते रसायन पकडणाऱ्या जागांवर, बसतं आणि बरं वाटायला लावणारं डोपामिन सुटतं. रोजच्या माऱ्याने हे ग्राहक बधिर होतात आणि त्यांची संख्या वाढते. निकोटिनचा अर्धायुकाल साधारण २ तासांचा, म्हणजे दर दोन तासांनी रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. रात्रीच्या झोपेत ते तळाला जातं आणि वाढलेले ग्राहक सकाळी रिकामे असतात. म्हणून व्यसन किती मुरलंय हे विचारायचं तर दिवसाला पुड्या किती लागतात यापेक्षा उठल्यावर पहिला बार किती वेळात लागतो हे विचारावं. अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर अवलंबित्व पक्कं आहे.

लोक तंबाखू का धरतात याची कारणं व्यसनमुक्तीच्या भाषणांत फारशी येत नाहीत, कारण ती थोडी गैरसोयीची आहेत. निकोटिनने भूक मरते. दुपारची भाकर उशिरा मिळणार असेल तर ऊसतोडीच्या फडात किंवा बांधकामावर हा उपयोग खरा असतो. रात्रीच्या ट्रकचालकाला जाग राहते. दुखरा दात तात्पुरता बधिर होतो. मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, म्हणून ‘सकाळी तंबाखूशिवाय पोट साफ होत नाही’ हे गाऱ्हाणंही खोटं नाही. ज्याला हे फायदे रोज जाणवतात त्याला पुडीवरचं भयंकर चित्र दाखवून भागत नाही.

बायकांमध्ये याचं घरगुती रूप म्हणजे मिश्री, कोकणातली मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटाने दातांना, हिरड्यांना लावायची. सुरुवात दात घासण्यापासून होते आणि मग ती दिवसातून चार-पाच वेळा लागते. घरातली सासू देते, कोणी व्यसन म्हणत नाही. गरोदरपणातही ती चालूच राहते. मुंबईत १,२१७ स्त्रियांचा गरोदरपणापासून बाळंतपणापर्यंत माग ठेवून केलेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या तंबाखू वापरणाऱ्या बहुतेकींची तंबाखू म्हणजे मिश्रीच होती. इतर कारणांचा हिशेब वजा करूनही त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं आणि वेळेआधी बाळंत होण्याचं प्रमाणही वाढलेलं दिसलं. निकोटिन वारेतून बाळाकडे जातं आणि रक्तवाहिन्या आकसवतं. त्यासाठी धूर लागत नाही. भाजण्याने आणखी एक भर पडते. अर्धवट जळण्यातून बेन्झोपायरीनसारखी कर्करोगकारक संयुगं तयार होतात, एरवी ती धुरात सापडतात.

निकोटिन सवय लावतं, पण कर्करोग करणारे मुख्य पदार्थ वेगळे आहेत. तंबाखूचं पान वाळवताना, मुरवताना आणि साठवताना त्यातल्या अल्कलॉइडांची (निकोटिन आणि त्याच्या जातीच्या संयुगांची) नायट्राइटशी क्रिया होऊन नायट्रोसामिनं बनतात. त्यांतली एनएनएन आणि एनएनके ही दोन आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात ठेवली आहेत. चुना इथे दुसऱ्यांदा कामाला येतो. तो त्वचा भाजतो, तिथल्या पेशी पुन्हा पुन्हा मरतात आणि नव्या भराभर विभागतात. विभागणाऱ्या पेशीच्या डीएनएवर नायट्रोसामिनांचा घाव दुरुस्त होण्याआधीच पुढच्या पेशींत उतरण्याची शक्यता वाढते. जिथे बार तिथे घाव. म्हणून पाश्चात्त्य देशांत तोंडाचा कर्करोग जिभेवर जास्त दिसतो, तर आपल्याकडे गाल आणि हिरडी यांच्या मधल्या खाचेत. २०२२ च्या जागतिक अंदाजात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे ३ लाख ९० हजार नवे रुग्ण धरले आहेत. त्यांपैकी सुमारे १ लाख ४४ हजार भारतातले.

आता सुपारी. महाराष्ट्रात तिच्याकडे अजूनही मुखवास म्हणून पाहिलं जातं, लग्नात ताटातून फिरवली जाते आणि मुलांच्या हातात गोड सुपारीची पुडी सहज पडते. सुपारीला २००४ मध्येच त्याच पहिल्या गटात टाकलं गेलं, तंबाखू नसली तरीही. तिच्यातलं ॲरिकोलिन हे अल्कलॉइड स्वतः मेंदूवर परिणाम करणारं आणि सवय लावणारं आहे. ॲरिकोलिनमुळे तोंडाच्या त्वचेखालच्या तंतुपेशी कोलॅजन हे धाग्यांसारखं प्रथिन जास्त बनवतात. सुपारीतल्या तांब्यामुळे लायसिल ऑक्सिडेज या विकराचं (एन्झाइमचं) काम वाढतं आणि ते कोलॅजनच्या धाग्यांना एकमेकांत घट्ट बांधतं. सुपारीतले टॅनिन हे धागे मोडू देत नाहीत. बनणं वाढलं, मोडणं थांबलं, की गालात दोरीसारखे पट्टे हाताला लागतात. १९५२ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या भारतीय स्त्रियांत आणि पुढच्याच वर्षी मुंबईत या विकाराची नोंद झाली. त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात.

पहिली खूण म्हणजे तिखट सोसेनासं होणं. आमटीचा घास घेतला तरी आग होते. मग गालाची आतली बाजू पांढुरकी, संगमरवरासारखी पडते, जीभ पूर्ण बाहेर येत नाही, गाल फुगवून फुंकर मारता येत नाही. स्वतःची तीन मधली बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालून पाहावीत. जात नसतील तर दंतवैद्याकडे जायला उशीर झालेलाच आहे. बनलेले पट्टे सुपारी सोडल्यावरही विरघळत नाहीत, वाढायचे मात्र थांबू शकतात. व्यायाम, इंजेक्शनं आणि गरज पडली तर शस्त्रक्रिया यांनी तोंड काही मिलिमीटर जास्त उघडतं. या रुग्णांपैकी शेकडा ४ ते ८ जणांत पुढे कर्करोग होतो, असं निरनिराळ्या पाहण्यांत दिसलं आहे.

विदर्भातला खर्रा, मराठवाड्यातला आणि नगरकडचा मावा, सगळीकडचा गुटखा या तिन्हींत सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र येतात. खर्ऱ्यात सुपारीचाच वाटा मोठा असतो. प्लास्टिकच्या पन्नीत पाण्याचे थेंब टाकून तो घोटून देतात. निकोटिन आणि ॲरिकोलिन ही दोन अल्कलॉइडं आणि दोन्हींना मोकळं करणारा चुना, असा हा जोडमारा आहे. खर्रा खाणाऱ्याला नुसती तंबाखू बंद करून सुपारी चालू ठेवायला सांगणं म्हणूनच निरर्थक आहे.

कायद्याने हे मिश्रणच पकडायचा प्रयत्न केला. महाराष्ट्राने २००२ मध्ये गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी घातली, ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी अन्नपदार्थात तंबाखू आणि निकोटिन मिसळायला मनाई केली आणि २०१२ मध्ये राज्याने पुन्हा बंदी आणली, या वेळी तंबाखू नसलेल्या पानमसाल्यासह. उत्पादकांनी देशभर पळवाट काढली ती साधी होती: पानमसाल्याची एक पुडी, तंबाखूची दुसरी, गिऱ्हाइकाने तळहातावर एकत्र करायच्या. रेणूंना कोणी मिसळलं याने फरक पडत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ वर्षांवरच्या २४.४ टक्के लोकांनी धूरविरहित तंबाखू वापरत असल्याचं सांगितलं. धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के होते. आपले फलक आणि जाहिराती तरीही बऱ्याच अंशी सिगारेटभोवती फिरत आल्या. गडचिरोलीत २०१६ पासून मुक्तिपथ या कार्यक्रमात गावसभा, टपऱ्या आणि व्यसन उपचार यांवर एकत्र काम झालं. एकट्या पोलिसी कारवाईपेक्षा हा रस्ता मला जास्त शहाणपणाचा वाटतो, कारण टपरी बंद झाली तरी रिकामे ग्राहक मेंदूत तसेच राहतात.

तोंड ही तपासायला सर्वांत सोपी जागा आहे. महिन्यातून एकदा चांगल्या उजेडात, आरशासमोर, तोंड धुऊन पाहावं. ओठ उलटे करून हिरडीची खाच, गालाच्या आत बोट घालून शेवटच्या दाढेपर्यंत, जीभ वर करून तिच्या खाली, मग दोन्ही कडा. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, मखमली लाल चट्टा (हा पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा), दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, हलू लागलेला दात, मानेत न दुखणारी गाठ यांपैकी काहीही दिसलं तर दाखवायचं. दुखत नाही म्हणून थांबू नये. सुरुवातीला हे दुखत नाहीच. केरळात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी नुसत्या डोळ्यांनी केलेल्या तपासणीच्या मोठ्या चाचणीत तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमधले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले, असं २००५ मध्ये दिसून आलं.

सोडताना पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण जातात: चिडचिड, झोपमोड, लक्ष न लागणं, भूक वाढणं. दोन ते चार आठवड्यांत हे बरंच ओसरतं. या काळात निकोटिनचं च्युइंगम आधार देतं आणि तिथे पुन्हा पीएचचाच खेळ आहे. गमात आम्लारीधर्मी क्षार घातलेला असतो, तो चुन्याचं काम सौम्यपणे करतो. लोक इथेच चुकतात. नेहमीच्या च्युइंगमसारखं सलग चघळलं की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, उचकी लागते, मळमळतं आणि ‘गमाचा उपयोग नाही’ असा निष्कर्ष निघतो. योग्य रीत अशी: झिणझिण्या किंवा तिखटपणा जाणवेपर्यंत दहा-पंधरा वेळा सावकाश चावायचं, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचं. मिनिटभराने झिणझिण्या गेल्या की पुन्हा थोडं चावायचं आणि जागा बदलायची. असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना कॉफी, कोला, लिंबू सरबत, ताक घ्यायचं नाही. आम्लामुळे तोंडातला पीएच उतरतो आणि निकोटिन शोषलंच जात नाही. गम २ आणि ४ मिलिग्रॅममध्ये येतं. उठल्यावर अर्ध्या तासात बार लागणाऱ्याला बहुधा ४ चं लागतं आणि ते डॉक्टरांना विचारून घ्यावं. पहिल्या आठवड्यांत दिवसाला ८ ते १२, नंतर कमी करत तीन महिन्यांत बंद. दोन-तीनच घेऊन भागवायला गेलं की तलफ जिंकते. गरोदर स्त्रिया आणि नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले यांनी स्वतःहून घेऊ नये. तोंड उघडत नसलेल्या फायब्रोसिसच्या रुग्णाला चघळणं जमत नाही, त्याच्यासाठी त्वचेवर लावायची पट्टी बरी.

बद्धकोष्ठ हे पुन्हा मिश्रीकडे वळण्याचं एक मोठं कारण असतं. त्याची तयारी सोडण्याच्या दिवसाआधीच करावी: उठल्याबरोबर कोमट पाणी, जेवणात भाजी आणि सालीसकट डाळी, रात्री इसबगोल. काही आठवड्यांत आतडं स्वतःच्या गतीला लागतं. मिश्री थांबल्यावर एखादा दात ठणकू लागला तर तो सोडण्याचा दुष्परिणाम नव्हे. दात आधीपासून किडलेला होता, बधिरपणा आता गेला. तेव्हा दंतवैद्याची वेळ त्याच आठवड्यात घेऊन ठेवावी. फोनवर मोफत समुपदेशन देणाऱ्या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा क्रमांक १८००-११-२३५६ आहे आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येही तिचं केंद्र आहे.