पदवी आहे, नेमणूक नाही : ब्रिटिश राजघराण्याची धाकटी पाती

ब्रिटनमध्ये गादी एकालाच मिळते, बाकीच्या भावंडांच्या वाट्याला पदव्या येतात. पदवीने पोट भरत नाही, आणि राजपुत्राने उघड धंदा केलेलाही लोकांना खपत नाही. या कोंडीतून निघणाऱ्या भानगडी दोनशे वर्षांत फारशा बदललेल्या नाहीत.

१७६० मध्ये तिसऱ्या जॉर्जने राजघराण्याच्या वंशपरंपरागत जमिनींचे उत्पन्न सरकारजमा केले आणि बदल्यात संसदेकडून ठरावीक नेमणूक, म्हणजे वार्षिक तनखा, घेतली. हीच सिव्हिल लिस्ट. त्याचे सात मुलगे वयात आले. बहुतेक जण कर्जबाजारी होते. दुसरा मुलगा फ्रेडरिक, ड्यूक ऑफ यॉर्क, सरसेनापती होता. १८०९ मध्ये त्याच्या एकेकाळच्या प्रेयसीचे, मेरी अ‍ॅन क्लार्कचे प्रकरण कॉमन्स सभागृहात गाजले. ड्यूककडे शब्द टाकते म्हणून ती सैन्यातल्या जागा आणि बढत्यांसाठी पैसे घेत असे. त्या काळी सैन्यातली पदे सरकारी दराने राजरोस विकत मिळत. हिचा दर त्याहून स्वस्त होता, एवढेच! ड्यूकने स्वतः पैसे खाल्ल्याचे सिद्ध झाले नाही. राजीनामा मात्र द्यावा लागला, आणि १८११ मध्ये स्वारी पुन्हा त्याच पदावर आली.

१८१७ मध्ये तिसऱ्या जॉर्जची एकुलती औरस नात, राजकन्या शार्लट, वारली आणि वारसाचा प्रश्न उभा राहिला. मग उतारवयाकडे झुकलेले राजपुत्र भराभर बोहल्यावर चढले. लग्न केले की संसद नेमणूक वाढवेल, हाही त्यात हिशेब होता.

पुढे १९१७ मध्ये पाचव्या जॉर्जने ‘प्रिन्स’ आणि ‘प्रिन्सेस’ हे किताब मुख्यतः राजाची मुले आणि मुलग्यांची मुले एवढ्यांपुरते ठेवले. गर्दी कमी झाली, पैशाचा प्रश्न तसाच राहिला.

खरा बदल १९९२ नंतरचा. विंडसरच्या राजवाड्याला लागलेल्या आगीनंतर दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा यावरून लोक चिडले. राणी एलिझाबेथ यांनी प्राप्तिकर भरायचे मान्य केले आणि पती व आई वगळता इतर नातलगांच्या नेमणुका स्वतःच्या उत्पन्नातून भरून द्यायला सुरुवात केली. करदात्याच्या दृष्टीने हे बरे झाले. पण संसदेने दिलेल्या पैशाबद्दल खासदार जाब विचारू शकतात. कुटुंबप्रमुखाने दिलेल्या पैशाबद्दल कोण विचारणार? माझ्या मते धाकट्या पातीवरचा सार्वजनिक वचक तिथेच सैल झाला.

राणीचे चुलतभाऊ प्रिन्स मायकल ऑफ केंट यांना सिव्हिल लिस्टमधून कधीच नेमणूक नव्हती. केन्सिंग्टन राजवाड्यातले प्रशस्त घर मात्र होते, आठवड्याला ६९ पौंड भाड्याने. २००२ मध्ये त्यावर ओरड झाल्यावर वर्षाला १,२०,००० पौंड बाजारभाडे राणीने भरले. २०१० पासून ते त्यांच्यावर आले.

२०१० मध्येच राणीचे दुसरे पुत्र प्रिन्स अँड्र्यू यांच्या घटस्फोटित पत्नी सारा, वेष बदलून आलेल्या पत्रकाराला पाच लाख पौंडांत अँड्र्यूंची भेट घडवून देण्याचे बोलताना छुप्या कॅमेऱ्यात सापडल्या. अँड्र्यू तेव्हा ब्रिटनचे व्यापारदूत होते. आपल्याला यातले काहीच ठाऊक नव्हते, असे त्यांनी सांगितले. सारा यांनी माफी मागितली. मेरी अ‍ॅन क्लार्कला हा व्यवहार समजावून सांगावा लागला नसता.

ऑक्टोबर २०२५ मध्ये राजे चार्ल्स यांनी अँड्र्यूंचे किताब काढून घेण्याची प्रक्रिया सुरू केली आणि त्यांना विंडसरमधले राहते घर, रॉयल लॉज, सोडायला सांगितले. त्यांच्यासाठी नवे घर ठरले ते राजांच्या खासगी सँड्रिंगहॅम इस्टेटीत, आणि तेही राजांच्या खासगी खर्चाने.