माणूस बदलला की तत्त्व बदलते: अमेरिकी महाभियोगाची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या राज्यघटनेत महाभियोगाचे कलम ठरत होते तेव्हा चर्चेत हिंदुस्थानातला कारभारही आला होता. ८ सप्टेंबर १७८७ रोजी फिलाडेल्फियाच्या घटनापरिषदेत जॉर्ज मेसन यांनी वॉरन हेस्टिंग्जचे नाव घेतले. ज्याच्या अमदानीत इंग्रज-मराठ्यांचे पहिले युद्ध झाले आणि १७८२ मध्ये महादजी शिंद्यांमार्फत सालबाईचा तह झाला, तोच हा हेस्टिंग्ज. त्याच्यावर त्या वेळी लंडनमध्ये महाभियोग सुरू होत होता. मेसन यांचे म्हणणे साधे होते: देशद्रोह आणि लाचखोरी एवढ्यावरच थांबलो, तर हेस्टिंग्जसारख्याने केलेला सत्तेचा गैरवापर कलमात सापडणार नाही. म्हणून त्यांनी ‘गैरकारभार’ हे कारण सुचवले. एवढी सैल तरतूद केली तर अध्यक्ष सिनेटच्या मर्जीवर जगेल, अशी हरकत जेम्स मॅडिसन यांनी घेतली. अखेर देशद्रोह, लाचखोरी आणि इतर गंभीर गुन्हे व गैरवर्तन, असे ठरले.

प्रतिनिधिगृहाने साध्या बहुमताने दोषारोप ठेवायचे, सिनेटने खटला चालवायचा आणि दोनतृतीयांश मते पडली तरच अध्यक्षाला काढायचे, अशी ही रचना. तिचे समर्थन करणाऱ्या अलेक्झांडर हॅमिल्टन यांनीच १७८८ मध्ये इशारा देऊन ठेवला होता की सर्वांत मोठा धोका गटबाजीचा आहे. निकाल अपराध सिद्ध झाला की नाही यावर लागण्याऐवजी कोणत्या गटाचे बळ जास्त यावर लागेल.

पहिलीच वेळ आली ती १८६८ मध्ये, अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावर. यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांना जॉन्सन पावलोपावली आडवे येत होते. काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा, खरा राग तो होता आणि माझ्या मते तो रास्त होता. पण आरोपपत्राचा कणा बनला युद्धमंत्री एडविन स्टँटन यांची बडतर्फी. आदल्याच वर्षी काँग्रेसने अध्यक्षांचा नकाराधिकार झुगारून एक कायदा केला होता. सिनेटच्या संमतीशिवाय अशा अधिकाऱ्यांना काढता येऊ नये, हा त्याचा हेतू. त्याचा भंग हा गुन्हा ठरवला गेला. जॉन्सन गेले असते तर त्यांच्या जागी बसणार होते सिनेटचे हंगामी अध्यक्ष बेंजामिन वेड, आणि त्यांनी स्वतः ‘दोषी’ असे मत दिले. मतदान ३५ विरुद्ध १९ झाले. एक मत कमी पडले. सात रिपब्लिकन सदस्यांनी आपल्या पक्षाविरुद्ध मत दिल्यामुळे जॉन्सन वाचले. तो कायदा १८८७ मध्ये रद्द झाला आणि १९२६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य असल्याचेही सांगितले.

मग शंभरावर वर्षे शांतता. १९७४ चे रिपब्लिकन अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांचे वॉटरगेट प्रकरण, म्हणजे विरोधी पक्षाच्या कार्यालयातली घुसखोरी दडपल्याचा आरोप, या साऱ्या इतिहासात वेगळे उठून दिसते. चौकशीचा अधिकार देणारा ठराव प्रतिनिधिगृहात ४१० विरुद्ध ४ मतांनी संमत झाला. २४ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने निक्सन यांच्या संभाषणांच्या ध्वनिफिती हवाली करण्याचा निकाल ८ विरुद्ध ० असा एकमताने दिला, आणि त्या आठांपैकी तिघे निक्सन यांनीच नेमलेले न्यायाधीश होते. तीन दिवसांनी न्याय समितीत पहिला दोषारोप २७ विरुद्ध ११ असा मंजूर झाला. सहा रिपब्लिकन बाजूने होते. ७ ऑगस्टला बॅरी गोल्डवॉटर यांच्यासह रिपब्लिकन पक्षाचेच ज्येष्ठ नेते निक्सन यांना भेटले आणि सिनेटमध्ये पाठिंबा उरला नसल्याचे त्यांनी सांगितले. ९ तारखेला निक्सन पायउतार झाले. तिथे यंत्रणा चालली, कारण आपल्या माणसाला नाही म्हणणारे लोक होते.

त्यानंतर आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हाच नियम होऊन बसला. १९९८ मध्ये बिल क्लिंटन यांच्यावर खोटी शपथ आणि न्यायात अडथळा आणल्याचे आरोप ठेवले गेले. सिनेटमध्ये एकाही डेमोक्रॅटिक सदस्याने त्यांना दोषी म्हटले नाही. साक्षीदार बोलवावेत का, यावर २७ जानेवारी १९९९ रोजी मतदान झाले: ५६ विरुद्ध ४४. रिपब्लिकन सगळे बाजूने, डेमोक्रॅट एक सोडून सगळे विरोधात. डेमोक्रॅट चक शूमर विरोधात, रिपब्लिकन मिच मॅकॉनेल बाजूने. २०२० मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या पहिल्या खटल्यात हाच प्रश्न आला तेव्हा हेच शूमर साक्षीदारांसाठी आग्रही होते आणि हेच मॅकॉनेल विरोधात. रिपब्लिकन लिंडसे ग्रॅहम १९९९ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या वतीने सिनेटपुढे आरोप मांडत होते. २०२० मध्ये त्यांनी साक्षीदार नकोत असे मत दिले. एका पक्षाच्या बळावर अध्यक्षावर दोषारोप होता कामा नये, असे १९९८ मध्ये सांगणारे डेमोक्रॅट जेरॉल्ड नॅडलर २०१९ मध्ये न्याय समितीचे अध्यक्ष म्हणून तेच करत होते.

हे सारखेपण पाहून ‘सगळे सारखेच’ म्हणणे मात्र मला पटत नाही. कार्यपद्धतीबद्दलच्या कोलांट्या दोन्हीकडे झाल्या, पण आरोपांचे वजन एक नव्हते. खाजगी संबंधांबद्दल शपथेवर खोटे बोलणे हा गुन्हा आहेच. तरीही प्रतिस्पर्ध्याची चौकशी जाहीर व्हावी म्हणून परराष्ट्राची लष्करी मदत अडवून धरणे, किंवा मतमोजणीच्या दिवशी संसदेवर चालून जाणाऱ्या जमावाला चिथावणे, हे ट्रम्प यांच्यावरच्या दोन खटल्यांतले आरोप थेट राज्यसत्तेच्या गैरवापराचे आहेत, मेसन यांना अभिप्रेत होते त्या जातीचे.

२०२० मध्ये रिपब्लिकन मिट रॉम्नी यांनी ट्रम्प यांना एका आरोपात दोषी म्हटले. स्वपक्षाच्या अध्यक्षाला दोषी ठरवणारे अमेरिकी इतिहासातले ते पहिले सिनेटर. १३ फेब्रुवारी २०२१ रोजी दुसऱ्या खटल्यात सात रिपब्लिकनांनी तसे मत दिले. ५७ विरुद्ध ४३, म्हणजे दहा मते कमी. प्रतिनिधिगृहात दोषारोपाच्या बाजूने गेलेल्या दहा रिपब्लिकनांपैकी २०२२ नंतर सभागृहात दोघेच उरले.

त्या खटल्यात ट्रम्प यांच्या वकिलांनी सिनेटला सांगितले होते की माजी अध्यक्षाने गुन्हा केला असेल तर त्याला अटक करा, त्यासाठी न्यायालये आहेत. मॅकॉनेल यांनीही निर्दोष असे मत देऊन लगेच ट्रम्प यांना संसदेवरच्या हल्ल्याला जबाबदार धरले आणि न्यायालयाकडे बोट दाखवले. जानेवारी २०२४ मध्ये निवडणुकीचा निकाल उलटवण्याच्या प्रयत्नाबद्दलचा फौजदारी खटला न्यायालयात उभा होता, तेव्हा ट्रम्प यांच्याच वकिलांचा युक्तिवाद होता की अध्यक्षीय कृत्यांसाठी माजी अध्यक्षावर फौजदारी चालवायची तर आधी सिनेटने दोषी ठरवलेले असले पाहिजे. १ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद स्वीकारला नाही, पण ६ विरुद्ध ३ मतांनी अध्यक्षांच्या अधिकृत कृत्यांना खटल्यापासून मोठे संरक्षण दिले. नोव्हेंबरमध्ये ट्रम्प पुन्हा निवडून आले आणि तो खटला मागे घेतला गेला.