‘क’ जीवनसत्त्व की अँटिऑक्सिडंट? शब्दामागचा इतिहास

मेडिकलच्या दुकानात दोन डब्या शेजारी दिसतात. एकीवर ‘व्हिटॅमिन सी ५०० मिग्रॅ’, दुसरीवर मोठ्या अक्षरांत ‘अँटिऑक्सिडंट’. यातली कुठली चांगली, असं लोक विचारतात. पण पहिलं एका पदार्थाचं नाव आहे, दुसरं एका कामाचं: ऑक्सिडीकरण, म्हणजे ऑक्सिजनशी संयोग होऊन पदार्थ खराब होणं, रोखण्याचं. आणि ‘क’ जीवनसत्त्वही तेच काम करतं.

‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द आला कारखान्यातून. रबर तडकू नये, पेट्रोलमध्ये चिकट साका धरू नये, तेल खवट होऊ नये म्हणून मिसळायच्या रसायनांना तो लावत. आजही पाकीटबंद पदार्थावर ‘अँटिऑक्सिडंट (३००)’ छापलेलं असतं. ३०० म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल, अर्थात ‘क’ जीवनसत्त्वच. तिथे ते पदार्थ टिकावा म्हणून घातलेलं असतं. १९५६ मध्ये वार्धक्याचं मूळ फ्री रॅडिकल्समध्ये, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या अस्थिर रेणूंमध्ये, आहे असा सिद्धान्त मांडला गेला आणि हा शब्द हळूहळू औषधाच्या भाषेत शिरला. तेल टिकतं तसं शरीरही टिकेल, हे गृहीतच धरलं गेलं.

त्याची परीक्षा फिनलंडमध्ये झाली. धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवरच्या चाचणीत बीटा कॅरोटीन (गाजरातलं अँटिऑक्सिडंट रंगद्रव्य) घेणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाचा कर्करोग घटला तर नाहीच, उलट १८ टक्क्यांनी जास्त आढळला. हे १९९४ मध्ये छापून आलं. बीटा कॅरोटीन आणि ‘अ’ जीवनसत्त्व एकत्र देणारी अमेरिकेतली चाचणीही १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली.

विक्री मात्र थांबली नाही, कारण हाताशी एक आकडा होता: ओरॅक. परीक्षानळीत एखादा पदार्थ ऑक्सिडीकरण किती रोखतो, याचं ते माप. कंपन्या तो आकडा जाहिरातीत मिरवत. अखेर २०१२ मध्ये अमेरिकेतल्या सरकारी यंत्रणेने ओरॅकची यादी संकेतस्थळावरून काढून टाकली. परीक्षानळीतला आकडा शरीरातला परिणाम सांगत नाही आणि त्याचा गैरवापर होतो, ही कारणं दिली. यादी काढून माहिती दडपली, असाही सूर निघाला. माझ्या मते निर्णय योग्यच होता, फक्त उशिरा झाला.

‘क’ जीवनसत्त्वाचा हिशेब वेगळा आहे. त्याच्याच अभावाने होणारा स्कर्व्ही हा रोग त्याने खरोखर बरा होतो. सर्दी मात्र रोज गोळी घेऊनही टळत नाही. प्रौढांत ती जेमतेम ८ टक्के लवकर आटोपते. भारतात २०२० मध्ये पुरुषांसाठी रोजची शिफारस ४० वरून ८० मिग्रॅ झाली. ५०० मिग्रॅची गोळी त्याच्या सहापट भरते, आणि त्यातलं बरंचसं लघवीवाटे निघून जातं.