लेदर सीटला तेल पाजू नका

आलिशान गाडीच्या सीटवरून हात फिरवला की वाटतं, आपण कातड्याला हात लावतोय. बहुतेक गाड्यांत हाताला लागतो तो पॉलियुरेथेनचा, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचा, रंगीत लेप, आणि कातडं असतं त्याच्या खाली. हा लेप जास्तीत जास्त किती जाड असावा, याचाही युरोपात दंडक आहे: ०.१५ मिलिमीटरच्या वर गेला, तर त्या मालाला नुसतं 'लेदर' म्हणून विकता येत नाही.

खालचं कातडं तसं फार चिवट. कातडं म्हणजे कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचं दाट विणकाम. भिजलेलं कच्चं कातडं ६० ते ६५ अंश सेल्सियसलाच आकसतं. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलं, की हे तंतू एकमेकांना पक्के बांधले जातात आणि तेच कातडं उकळतं पाणीही सोसतं. मऊपणासाठी लागणारं तेल कमावल्यानंतर कारखान्यातच तंतूंमध्ये मुरवलेलं असतं.

म्हणून 'लेदरला तेल पाजा' हा सल्ला मला मुळातच चुकीचा वाटतो. वरून चोळलेलं तेल लेपातून आत जातच नाही. ते वर चिकट राहतं आणि धूळ धरून ठेवतं. लेदर मऊ ठेवण्यासाठी चोळायचं कंडिशनर खरोखर कामाला येतं ते लेप नसलेल्या ॲनिलिन लेदरला. ओळखायचं कसं? सीटच्या कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब ठेवा. तो शोषला जाऊन डाग गडद झाला तर ॲनिलिन, तसाच उभा राहिला तर लेप.

झीज पाहायची तर ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची उशी पाहा. गाडीत चढता-उतरताना दर वेळी तीच घासली जाते. कातड्याच्या बारीक खळग्यांत अडकलेली धूळ त्या वेळी पॉलिशपेपरसारखी लेप खरवडते. घाम आणि त्वचेचं तेल मुरून लेप मऊ पडतो, मग काम आणखी सोपं. जुन्या सीटवर दिसणारी चकाकी अनेकांना राखलेपणाची खूण वाटते, पण ती खळग्यांत भरलेल्या मळाची असते. गाडीतलं स्वच्छ लेदर सहसा मॅट दिसतं.

तेव्हा खरी निगा म्हणजे सफाई. आधी व्हॅक्यूमने धूळ काढावी. मग लेदरसाठीच्या सौम्य क्लीनरचा फेस मऊ ब्रशने हलक्या हाताने फिरवून मायक्रोफायबरने टिपावा. कातडं किंचित आम्लधर्मी असतं, त्यामुळे कपड्यांचा साबण नको, आणि लेप विरघळवणारं ॲसिटोन तर मुळीच नको. सीटला हवेची छिद्रं असतील तर फेस ब्रशवरच घ्यावा. फिकट सीटवर जीन्सचा निळा रंग उतरला असेल तर त्याच दिवशी पुसावा, कारण तो लेपात मुरला की निघत नाही.

लेपाला तडा गेला, तर तो भरून पुन्हा रंग देता येतो. इतके दिवस चोळलेलं तेल मात्र त्या फटीतून कातड्यात शिरलेलं असतं आणि नवा रंग त्यावर धरत नाही. आधी ते सगळं उतरवावं लागतं.