क्रोमियम खडकातलं की कारखान्यातलं?

बोअरच्या पाण्याच्या अहवालात क्रोमियम दिसलं की पहिला संशय कारखान्यावर जातो. बऱ्याचदा तो खराही ठरतो. तरी आधी खाली खडक कोणता आहे ते पाहायलाच हवं, कारण आसपास एकही धुराडं नसताना भूजलात क्रोमियम उतरल्याची उदाहरणं आहेत.

क्रोमियम या धातूची निसर्गात मुख्यतः दोन रूपं आढळतात. त्रिसंयुजी, म्हणजे तीन इलेक्ट्रॉन गमावलेलं क्रोमियम पाण्यात फारसं विरघळत नाही, मातीच्या कणांना धरून राहतं. षट्संयुजी, म्हणजे सहा इलेक्ट्रॉन गमावलेलं क्रोमियम मात्र क्रोमेटच्या रूपात पाण्याबरोबर दूरवर जातं, आणि जास्त विषारी तेच.

सर्पेंटाइन या हिरवट खनिजाच्या खडकांत क्रोमियम भरपूर, पण ते त्रिसंयुजी, क्रोमाइटसारख्या खनिजांत अडकलेलं. त्याचं रूप पालटतं ते प्रामुख्याने मँगनीजमुळे. खडकाच्या भेगांत, वाळूच्या कणांवर काजळी धरल्यासारखा काळा थर असतो, तो बहुधा मँगनीज ऑक्साइडचा. खडक झिजून सुटलेलं क्रोमियम या थरापाशी आलं की आणखी तीन इलेक्ट्रॉन गमावतं आणि षट्संयुजी होतं. पाण्यात प्राणवायू असेल आणि पाणी अल्कधर्मी असेल तर ते तसंच टिकतं. हे सगळं फार संथ चालतं, म्हणून अशा थरांत पाणी जितकं जुनं तितकं क्रोमेट जास्त सापडू शकतं.

उद्योगांची यादी मोठी आहे: इलेक्ट्रोप्लेटिंग, रंगद्रव्यं, लाकूड टिकवणारी रसायनं. चामडं कमावायचे क्षार त्रिसंयुजीच असतात, पण ते तयार करताना क्रोमाइट सोड्याबरोबर भाजतात आणि उरलेल्या गाळात षट्संयुजी क्रोमियम राहून जातं. तमिळनाडूतल्या राणीपेटचा असा कारखाना १९९०च्या दशकात बंद पडला, पण मागे राहिलेल्या लाखाहून अधिक टन कचऱ्यातून क्रोमियम झिरपत राहिलं. कारखान्याला टाळं लागलं म्हणून प्रदूषण थांबत नाही, हे आपण अजून पुरेसं मनावर घेतलेलं नाही.

कॅलिफोर्नियातल्या हिंकलीत दोन्ही स्रोत एकत्र आले. तिथल्या गॅस कंप्रेसर केंद्राने १९५२ ते १९६६ या काळात कूलिंग टॉवरचं क्रोमियमयुक्त पाणी अस्तर नसलेल्या तळ्यांत सोडलं. १९९६ साली केंद्राची मालक कंपनी आणि रहिवासी यांच्यात ३३.३ कोटी डॉलरची तडजोड झाली. पण त्या भूजलात निसर्गाचंही थोडं क्रोमियम होतं, आणि कंपनीने नेमकं किती साफ करायचं हे ठरवायला भूशास्त्रज्ञांना अनेक वर्षं अभ्यास करावा लागला. सफाईसाठी जमिनीत इथेनॉल सोडतात. ते खाऊन जिवाणू वाढतात, प्राणवायू संपतो आणि क्रोमियम पुन्हा त्रिसंयुजी होऊन तिथेच बसतं.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम एकूण क्रोमियमची आहे. एवढ्या प्रमाणात पाण्याला रंग येत नाही, वास येत नाही. उकळून ते जात नाही. उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं. तपासणी करून घेताना षट्संयुजीचा आकडा प्रयोगशाळेकडून वेगळा मागून घ्यावा.